बँकॉकला दोन-तीन दिवस जाताय? पैसे गळतात त्या जागा, या चुका टाळा

बँकॉक स्वस्त आहे हे खरंय, पण तिकडे बजेट कोलमडतं ते बहुतेकदा चुकीच्या जागी घेतलेल्या स्वस्त हॉटेलमुळे. ॲपवर सगळ्यात कमी भाव बघून लोक बुक करतात, मग कळतं की जवळपास ना बीटीएस (पुलावरून धावणारी स्कायट्रेन) ना मेट्रो, आणि संध्याकाळी पाच ते आठ टॅक्सीत बसलात की मीटर पळतो, गाडी जागची हलत नाही. दिवस कमी असतील तर स्टेशनपासून चालत जाता येईल अशीच रूम घ्या, फाया थाई किंवा राचथेवीच्या बाजूला, रात्रीचे दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील. खाओ सान रोडचं हॉस्टेल आधीच बुक करून बसला असाल (तिथे मेट्रो नाही, हे कोणी सांगत नाही) तर फ्रा आथित धक्क्यावरून नदीची बोट पकडा. नारिंगी झेंड्याची, 16 बाथवाली. निळ्या झेंड्याची टुरिस्ट बोट महाग पडते आणि काउंटरवर तीच आधी गळ्यात मारतात.

एअरपोर्टवरून येताना पण तेच. सुवर्णभूमीवरून रेल लिंक फाया थाईपर्यंत 45 बाथमध्ये सोडते. पण गाड्या पहाटे साडेपाचच्या आसपास चालू होतात, तेव्हा मुंबईची रात्रीची फ्लाइट लवकर उतरली तर घाई करू नका, आत बसून घ्या. आणि तिकीट काढताना नीट बघा, काही फ्लाइट डॉन म्युआंगला उतरतात, तो एअरपोर्ट शहराच्या दुसऱ्या टोकाला.

पैशांचं म्हणाल तर एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी साधारण 220 बाथ कापतं, त्यामुळे हजार-हजार बाथ चार वेळा काढणं म्हणजे शुद्ध येडेपणा. एकदाच काढा. मशीन रुपयात कन्व्हर्ट करू का विचारेल, नाही म्हणा, तो रेट कायम वाईट असतो.

आता ग्रँड पॅलेस. बाहेर एखादा टापटीप माणूस गोड हसून सांगतो की आज पूजा आहे, पॅलेस बंद आहे, चला वीस बाथमध्ये टुकटुकने दुसरी मंदिरं दाखवतो, आणि मग गाडी थांबते ती रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात. त्याच्याशी वाद घालायचा नाही, थांबायचं पण नाही, सरळ मेन गेटला जाऊन स्वतः बघायचं. चुकून बसलातच तर दुकानात काही घेऊ नका, खाली उतरा आणि दमदाटी झाली तर 1155 लावा, टुरिस्ट पोलिसांचा नंबर आहे. पॅलेसचं तिकीट 500 बाथ, दुपारी साडेतीननंतर मिळत नाही. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर गेटसमोरच्या दुकानातून तिप्पट भावाची हत्तीछाप पँट घ्यावी लागेल. तिथे जायला सनाम चाई मेट्रो स्टेशन बरं पडतं, मात्र बीटीएसचं तिकीट मेट्रोत चालत नाही, दोन्ही वेगळे.

शाकाहारी मंडळींनी नुसतं 'व्हेज' म्हणून सोडू नका, भाजीतही फिश सॉस पडतो. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरात 'जे' (म्हणजे शुद्ध शाकाहारी) लिहिलेली दुकानं शोधा, तिथे कांदा-लसूणही नसतो, जैन लोकांचीही बरीच सोय होते (कंदमुळं मात्र असू शकतात). अगदीच घरच्या चवीची आठवण आली तर फाहुरात ही भारतीय वस्ती गाठा, तिथे आपल्याकडचं पोटभर मिळतं.

अजून एक, थायलंडला पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.