देव मानता, पण ख्रिस्तावर विश्वास आहे का? असं तपासा

देव आहे असं मानणारे ठाण्यात घरोघरी सापडतील, पण तेवढ्याने ख्रिस्ती विश्वास होत नाही, बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात 2:19 ला (अध्याय 2, वचन 19) सरळ लिहिलंय की भुतंसुद्धा देव एकच आहे असं मानतात आणि थरथर कापतात. मग तपासायचं कसं? आधी स्वतःला विचारा, मी देवासमोर कशाच्या जोरावर उभा राहणार? उत्तर 'दर रविवारी चर्चला जातो, कोणाचं वाईट केलं नाही' असं आलं तर भरवसा अजून स्वतःवरच आहे, येशूने वधस्तंभावर जे केलं त्यावर नाही. बायबलमधलंच इफिसकरांस पत्र 2:8-9 सावकाश वाचा, तारण कृपेने विश्वासाद्वारे मिळतं, आपल्या कर्मांनी नाही, असं तिथे आहे. पंडिता रमाबाईंचंच बघा ना, बाप्तिस्मा 1883 ला झाला, पण धर्म मिळाला तरी ख्रिस्त भेटायला पुढे बरीच वर्षं गेली असं त्यांनीच सांगितलंय, एवढ्या विद्वान बाई! म्हणून घाई नको. ठाणे-वाशी लोकलमध्ये रोज मार्कच्या शुभवर्तमानाचा एक अध्याय वाचा, 16च आहेत, मग आपल्या शब्दात प्रार्थना करा, पाप नाव घेऊन कबूल करा आणि ज्याच्याशी बोलणं बंद केलंय त्याला त्याच आठवड्यात फोन लावा, कारण कृतीत न दिसणारा विश्वास मेलेला आहे असं याकोब तिथेच म्हणतो. शंका राहिल्या तर पाळकांना, फादरना बिनधास्त विचारा.