शूज घ्यायला निघण्याआधी (आणि उतार!)

दोन वर्षांपूर्वी सातारा हिल हाफ मॅरेथॉनला मी यवतेश्वरचा घाट हसत चढले आणि रडत उतरले. 21.1 किलोमीटरपैकी जाताना बहुतेक चढ, येताना बहुतेक उतार, हे साताऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शूज घेताना मी मात्र चढाचाच विचार केला होता: हलके आहेत ना, दम कमी लागेल ना. उतरताना दर पावलाला पाय शूजच्या आत पुढे सरकायचा आणि अंगठा टोकावर आपटायचा. समर्थ मंदिरापर्यंत खाली येईतो हेच. घरी मोजे काढले तर दोन्ही अंगठ्यांची नखं जांभळी, खाली रक्त साकळलेलं. दिवाळीत उटणं लावताना डाव्या पायाचं नख हातातच आलं. नवं पूर्ण यायला वर्ष लागलं.

यंदा शेजारच्या वहिनी आणि ऑफिसातल्या दोघी पहिल्यांदाच पळणार आहेत. रोज एकेक प्रश्न येतोय, तर एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिलं काम घरातलं, माप. संध्याकाळी घ्यायचं, कारण दिवसभरात पाय सुजतो आणि पळताना आणखी सुजतो. भिंतीला लागून कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवा, दोन्ही पायांवर नीट वजन देऊन उभं राहा आणि खूण दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा. आपणच वाकलो की वजन सरकतं आणि माप चुकतं. पेन्सिल सरळ धरायची. सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजायचं. ते अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं शेजारचं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजा. माझा डावा पाय चार मिलिमीटरनं मोठा आहे, हे मला एकेचाळिसाव्या वर्षी कळलं. शूज मोठ्या पायाच्या मापानं घ्यायचे. सेंटिमीटरचा आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. ‘माझा नंबर सहा’ या माहितीला काही अर्थ नाही, एका कंपनीचा सहा दुसरीच्या साडेसहाएवढा निघतो. शूजच्या जिभेच्या आतल्या लेबलवर यूके, यूएस, ईयू यांच्या शेजारी बहुतेक वेळा सेंटिमीटरही छापलेले असतात, ते बघा.

रुंदीचं कुणी बोलतच नाही. आपलं आयुष्य चपलेत गेलेलं, पाऊल पुढून पसरलेलं असतं. बायकांचे शूज साधारण ‘बी’ रुंदीचे येतात, पुरुषांचे ‘डी’, म्हणजे त्याहून रुंद. करंगळी दाबली जात असेल तर नंबर वाढवत बसू नका. नंबर वाढवला की टाच सैल होते. सरळ पुरुषांच्या कप्प्यात जाऊन तेवढ्याच लांबीचा जोड मागा. मी तेच करते. दुकानातला मुलगा जरा चमकतो, चमकू दे.

आता जोडवी. शूज बघायला जाताना जोडवी काढून जा, पळतानाही काढूनच पळा. धातूची कड शेजारच्या बोटाला घासते आणि सात-आठ किलोमीटरला फोड येतो. पाय सुजल्यावर ती निघतही नाहीत, मग साबण लावून बसा. सासूबाई दोन दिवस बोलल्या, मग विसरल्या.

पळायचे मोजे सोबत न्या. दुकानातला तो झिरझिरीत मोजा घालून घेतलेलं माप खोटं.

जुने शूज दाखवले की कुणीतरी तळवा उलटा करून ‘तुमची टाच बाहेरून झिजते’ म्हणतं आणि महागडा जोड पुढे सरकवतं. बहुतेकांची टाच बाहेरच्या कडेनंच झिजते. ओला पाय फरशीवर उमटवून कमान बघायची आणि त्यावरून शूज ठरवायचे, ही पद्धतही मी केली होती, चहा पिता पिता मजा म्हणून ठीक आहे. अमेरिकी सैन्यात नव्यानं भरती झालेल्या हजारो जवानांना असे कमान बघून शूज दिले गेले, तरी दुखापती काही कमी झाल्या नाहीत. घातल्याबरोबर पायाला बरं वाटतंय का, हाच प्रश्न. ‘वापरून वापरून सैल होतील’ असं दुकानदार म्हणाला तर ते शूज ठेवून द्या. मधुमेह असेल, तळव्याला मुंग्या येत असतील किंवा टाच आधीच दुखत असेल, तर दुकानाआधी डॉक्टर.

दुकानात. लेस पूर्ण बांधा, उभं राहा, सगळ्यात लांब बोटाच्या पुढे हाताचा अंगठा आडवा बसेल एवढी जागा आहे का ते दाबून बघा. बसून नाही, उभं राहून. टाच उचलली जात नाही ना? शूज वाकवून बघा, बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर नको. टाच आणि चवडा यांच्या उंचीतल्या फरकाला ड्रॉप म्हणतात. तो नेहमीच्या शूजमध्ये आठ-दहा मिलिमीटर असतो. हौसेनं एकदम चार किंवा शून्यावर उतरू नका, पोटरी आणि टाचेमागची शीर ओरडायला लागतील. कार्बन प्लेटवाले, म्हणजे तळव्यात कडक पट्टी घातलेले, आपल्याला नकोत. गेल्या वर्षीचं मॉडेल सवलतीत मिळत असेल तर खुशाल घ्या. रंग सगळ्यात शेवटी. माझे ते मोरपंखी होते, म्हणूनच घेतले होते, आता काय लपवायचं.

आणि उतार. दुकानात दहा फूट सपाट फरशी असते. तिच्यावर चालून ‘मस्त आहेत’ म्हणाल, मीही म्हणाले होते. सपाटीवर कुठलाही शूज मस्तच असतो. दुकानाबाहेर चाकाच्या खुर्चीसाठी उतरण असेल तर परवानगी घेऊन तिच्यावरून खाली या. जिना असेल तर भरभर उतरा. काहीच नसेल तर शूजचं टोक जमिनीवर दोन-तीनदा ठोका. अंगठा पुढे लागला की संपलं, अर्धा नंबर मोठा मागा. लाज वाटत असेल तर माझं नख आठवा.

ऑनलाइन मागवलेत तर लेबल फाडू नका, शूज घालून उघड्या जमिनीवर पाय टाकू नका. एक पाट घ्या, एक टोक उंबऱ्यावर टेकवा, पाट सरकत नाही ना ते बघा, नाहीतर नखाऐवजी कंबर जायची. तोंड उताराकडे करून पाच मिनिटं उभं राहा, मधेमधे गुडघे वाकवा. फाटकासमोर गाडी चढवायचा उतार असेल तर त्यावर चटई टाका, म्हणजे तळवे मळत नाहीत आणि परत करता येतात. गल्लीतले लोक बघतील. परत सांगते, अंगठा पुढे टेकता कामा नये, उतारावर, मोजे घालून, संध्याकाळी.

शूज घरात आले म्हणजे झालं असं नाही. स्पर्धेआधी किमान तीन-चार आठवडे ते पायात हवेत. शाहू स्टेडियमवर भरतीची पोरं 1600 मीटरची तयारी करतात, त्यांना सपाट मैदान पुरतं. आपण तिथे कितीही फेऱ्या मारल्या तरी उताराची परीक्षा होत नाही. अजिंक्यताऱ्याच्या डांबरी रस्त्यावर जा, चालत चढा हवं तर, पण उतरताना पळा. पहिल्या दिवशी थोडंच. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील, ते चालेल. नखं दुखली तर ते चालणार नाही. नखं दुखली तर शूज बदलायला अजून वेळ आहे, म्हणून तर हे महिनाभर आधी करायचं. मी कधी केलं होतं? स्पर्धेच्या दिवशी, घाटात.

लेस ओवताना घोट्यालगत एक जास्तीचं भोक असतं, ते शोभेचं नाही. दोन्ही बाजूंची लेस आपापल्या बाजूच्या या भोकात घालून छोटी कडी करायची, समोरची लेस त्या कडीतून ओढायची, मग गाठ. टाच मागे धरून राहते, पाय पुढे सरकत नाही. उतारावर याचा फरक लगेच कळतो. शूजच आखूड असेल तर मात्र या गाठीनं काही होत नाही.

पावसात सुती मोजे घालू नका, पाणी धरतात, फोड ठरलेला. ओले शूज कडक उन्हात किंवा शेगडीपाशी ठेवू नका, गोंद सुटतो. आतला तळवा काढा आणि ‘ऐक्य’चे जुने अंक कोंबा, दोन तासांनी कागद बदला. आपल्याकडच्या पावसाळ्यात जोड एका दिवसात वाळत नाही, तेव्हा जमलं तर दुसरा जोड असू द्या. शेवाळलेल्या कडेनं पळू नका, तिथे कुठलाच रबर पकड धरत नाही.

500 ते 800 किलोमीटर झाले की बदला. घेतल्याची तारीख आतल्या तळव्याखाली पेनानं लिहा.

स्पर्धेच्या आठवड्यात नवीन काहीही नको. नखं दोन-तीन दिवस आधी कापा, फार मुळातून नाही. बोटांमध्ये व्हॅसलीन. लेसला दुहेरी गाठ. वरून परतताना कडी आवळलेली आहे ना ते एकदा थांबून बघा, अर्धा मिनिट जाईल, जाऊ दे.

जोडवी आदल्या रात्रीच काढून डबीत ठेवा आणि डबी कुठे ठेवली ते घरात कुणाला तरी सांगा.