रिकामी यादी आणि दुसऱ्याच गावचा आठ-अ

कोडगुरू रिव्ह्यूअर ही एडब्ल्यूएसची, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची, कोड आपोआप तपासणारी सेवा. तिला कुठले रेपो (कोडचे साठे) जोडलेत याची यादी तुमच्याकडे कुणी मागितली, तर ती पाठवण्याआधी आपण कुठल्या रीजनमध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसच्या कुठल्या भागातल्या सर्व्हरांवर, बघितलं ते तपासा. मग परत एकदा तपासा. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल. बाकीच्यांना मी कशी तोंडावर आपटले ते सांगते.

मी कुडाळची. डिप्लोमा केला आणि पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत लागले, काम घरून. पावसाळ्यात कोकणातून घरून काम करणं म्हणजे काय ते इथल्या कुणाला सांगायला नको. वारा सुटला की आधी लाइट जाते, मग इन्व्हर्टर मान टाकतो, आणि कुठे फांदी पडून केबल तुटली की दोन दिवस गेले. रडगाणं गात नाहीये, पुढच्या घोटाळ्यात या पावसाचा हात आहे.

नोकरीचा तिसरा महिना. क्लाउडचं बिल चाळताना आमच्या लीडना कोडगुरूच्या नावाची एक ओळ खटकली. मला म्हणाल्या, "जोडलेले रेपो कुठले ते काढून दे, नको असलेले तोडून टाकू." काम अर्ध्या तासाचं. कमांड एका ओळीची: एडब्ल्यूएस, पुढे कोडगुरू-रिव्ह्यूअर, पुढे लिस्ट-रिपॉझिटरी-असोसिएशन्स. मला दोन दिवस लागले, आणि दोन दिवसांनी मी जे उत्तर दिलं ते चुकीचं होतं.

अशा याद्या काढायची वेळ का येते तेही सांगते. ही सेवा डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झाली, जावा आणि पायथनचा कोड तपासते. सुरुवातीच्या उत्साहात कुणीतरी चार-दोन रेपो जोडतं, पुल रिक्वेस्टवर (कोडमधला बदल स्वीकारा या विनंतीवर) सूचना येऊ लागतात, आठवडाभर कौतुक होतं. मग जोडणारा माणूस नोकरी सोडतो आणि जोडणी तशीच राहते. पैसे रेपोतल्या ओळींवर लागतात: पहिल्या १ लाख ओळींना महिन्याला १० डॉलर, पुढच्या प्रत्येक लाखाला ३० डॉलर. दिसायला किरकोळ, पण कुणी बघतच नसेल तर वर्षानुवर्षं जातात.

तर पहिला दिवस. आमच्या कंपनीचं सगळं काही मुंबई रीजनवर, म्हणजे एपी-साउथ-१. माझ्या लॅपटॉपवर तोच डिफॉल्ट. कमांड मारली, थोडा वेळ गेला आणि एरर आली: एंडपॉइंटच्या यूआरएलशी कनेक्ट होता आलं नाही. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. मी स्क्रीनकडे नीट न बघता खिडकीबाहेर बघितलं आणि म्हटलं, गेलं नेट. छत्री, फोन आणि लॅपटॉप घेऊन घरामागच्या सड्यावर गेले, तिथे मोबाईलला रेंज मिळते. जांभ्याच्या गडग्याला टेकून, छत्री मानेत धरून कमांड परत मारली. तीच एरर. फोनवर चार दांड्या दिसत होत्या, तरी मी दोष रेंजलाच दिला. भिजून घरी आले, आई काय काय बोलली ते लिहीत नाही.

खरी गोष्ट अशी की कोडगुरू रिव्ह्यूअर मुंबई रीजनमध्ये नाहीच. आपल्या बाजूला सिंगापूर, सिडनी, टोकियो. अमेरिकेत तीन, युरोपात चार. कमांड काय करते, तर तुम्ही दिलेल्या रीजनचं नाव घालून एक पत्ता बनवते आणि तिथे जाऊन दार ठोठावते. मुंबईचं नाव घातलेला तो पत्ता अस्तित्वातच नाही. पण एरर दिसते हुबेहूब नेट बंद असल्यासारखी. तेव्हा ही एरर आली की आधी त्याच टर्मिनलवर दुसरी एखादी साधी कमांड मारून बघा, एस-थ्रीच्या (एडब्ल्यूएसच्या फाइल-साठवणीच्या) बकेटांची यादी वगैरे. ती चालली तर नेटला शिव्या देऊ नका. सड्यावर तर मुळीच जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी मी शॉर्टकट मारला. एका एआय चॅटला विचारलं, त्याने तीच कमांड दिली, फक्त शेवटी रीजन लावून: यूएस-ईस्ट-१. का लावलं ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. कमांड चालली! एरर नाही! समोर आला एक रिकामा कंस. एरर गेल्याचाच आनंद इतका झाला की त्या कंसात काही नाही याचा अर्थ काय, हा विचार शिवलाही नाही. लीडना मेल केला: "एकही रेपो जोडलेला नाही."

माझं ठाम मत झालंय, पटत नसेल तर सोडून द्या: एआयकडून कमांड घ्यायला हरकत नाही, पण तिच्यातला एखादा शब्द जरी आपल्याला फोडून सांगता येत नसेल तर ती चालवू नये. आणि हजारो रुपये घेऊन सर्टिफिकेटची तयारी करून घेणाऱ्या क्लासांबद्दल तर बोलायलाच नको. रीजन म्हणजे काय हे त्यांनी मला तीनदा पाठ करून घेतलं होतं. परीक्षेत बरोबर लिहिलंही होतं मी.

पुढच्या महिन्यात बिलात तीच ओळ, तीच रक्कम. लीड ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "कुठल्या रीजनमध्ये बघितलंस?" मला घाम फुटला. त्यांनी बिलाचा तपशील उघडून दाखवला. तिथे प्रत्येक सेवेखाली रीजनवार आकडे असतात, आणि कोडगुरूखाली स्वच्छ लिहिलं होतं: सिंगापूर. तिथे कमांड मारली तर १४ ओळी आल्या. यादी काढायला सांगितलं की आधी बिल उघडा, हा एक धडा मला कुठल्या क्लासने दिला नसता.

त्याच सुमारास गणपतीला काका मुंबईहून घरी आले. मी त्यांच्यासाठी ऑनलाइन आठ-अ काढून ठेवला होता, आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की आजोबांच्या नावावर काही दिसत नाही. काकांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि विचारलं, "उतारो खंयच्या गावचो काढलंस गो?" मी पिंगुळीचा काढला होता. जमीन नेरूरला.

तेव्हापासून नवीन आलेल्यांना मी असंच सांगते. आठ-अ वर खातेदाराची सगळी जमीन दिसते खरी, पण त्या एका गावातली. दुसऱ्या गावात तुमची चार एकर आंब्याची बाग असली तरी या गावचा उतारा तिचं नावही घेणार नाही. तो खोटं बोलत नसतो, त्याला तेवढंच माहीत असतं. लिस्ट-रिपॉझिटरी-असोसिएशन्स हा रीजनचा आठ-अ आहे. परवानगी नसेल तर तुम्हाला अ‍ॅक्सेस डिनाइड अशी ठणठणीत एरर मिळते, चूक झाली हे निदान कळतं. चालणारं पण चुकीचं रीजन मात्र शांतपणे रिकामा कंस हातात ठेवतं. आणि अकाउंट? तेही तसंच. कंपनीची दोन अकाउंट असतील तर ते दोन तालुके समजा.

म्हणून सगळी रीजन फिरा. बोटो-थ्रीमध्ये (एडब्ल्यूएसच्या पायथन लायब्ररीत) सेशनला गेट-अव्हेलेबल-रीजन्स विचारून सेवेचं नाव दिलं की ती सेवा जिथे जिथे आहे तेवढीच नावं मिळतात. त्यावर एक लूप, पाच-सहा ओळींचा. दर ओळीपुढे रीजन छापा. शून्य आलं तरी "सिंगापूर: ०" असं छापा, गाळू नका. मी आता मेलमध्ये "एकही नाही" कधीच लिहीत नाही. "या अकाउंटमध्ये, या १० रीजनमध्ये, अमुक तारखेला" असं लिहिते.

लूप लिहिताना एक बारीक गोष्ट. टर्मिनलवरची कमांड पुढची पानं आपोआप आणते. बोटो-थ्रीमधली थेट कॉल आणत नाही. ती १०० ओळी देते आणि सोबत नेक्स्ट-टोकन (पुढचं पान मागायची खूण) ठेवून गप्प बसते. सगळी पानं ओळीने आणणारा पेजिनेटर वापरा, विषय संपला. नावाने गाळायचं असेल तर एका वेळी तीनच नावं देता येतात, त्यामुळे मी सगळं आणून नंतर गाळते.

आलेली यादी वाचायची कशी, हे थोडक्यात, कारण ते तुम्हाला जमेल. स्टेटमध्ये असोसिएटेड असेल तर जोडणी चालू. फेल्ड दिसलं तर घाबरू नका, पण का फेल झालं ते या यादीत सापडणार नाही; त्या ओळीचा एआरएन (एडब्ल्यूएसमधली तिची पूर्ण ओळख) घेऊन डिस्क्राइब-रिपॉझिटरी-असोसिएशन मारावं लागतं, कारण तिथे असतं. प्रोव्हायडरमध्ये रेपो कुठे ठेवलाय ते येतं: गिटहब, बिटबकेट, कोडकमिट वगैरे. एस-थ्री बकेट दिसली तर समजा कुणीतरी सीआयमधून (कोड आपोआप बिल्ड-टेस्ट करणाऱ्या यंत्रणेतून) जोडलंय. त्या बकेटचं नाव कोडगुरू-रिव्ह्यूअर-ने सुरू होतं, म्हणून ओळखायला सोपं. ओनरच्या रकान्यात मात्र माणसाचं नाव शोधू नका. गिटहबला तिथे ज्या खात्याचा रेपो तो युजरनेम येतो, कोडकमिटला नुसता अकाउंट नंबर. जोडणी कुणी केली ते तिथून कळत नाही.

आता सगळ्यात गंभीर. यादी हातात आली की तोडायचा मोह होतो, आणि डिसअसोसिएट करायला एकच कमांड लागते. ७ नोव्हेंबर २०२५ पासून या सेवेत नवी जोडणी करता येत नाही. म्हणजे आज चुकून तोडलेला रेपो उद्या परत जोडू म्हणाल तर ती वाट बंद आहे. आधी शीट बनवा, प्रत्येक ओळीपुढे टीममधल्या कुणाचं तरी होय-नाही लेखी घ्या, मग एकेक तोडा. लूपमध्ये तोडू नका. हे मी हात जोडून सांगते.

आणि चुकलात तर? चुकाल. मी तिसऱ्या महिन्यात चुकले, नोकरी आहे अजून. सीनिअर निवडता येत नसतो हे खरं, पण तुमच्या चुकीवर जो व्याख्यान न देता एक नेमका प्रश्न विचारतो, त्याच्या आसपास राहा.

आमच्या १४ पैकी ९ तोडले. चार चालू ठेवले, त्यांच्यावर टीमला अजून सूचना हव्यात. राहिली एक एस-थ्रीवाली ओळ. ती कुणाची हे पुण्यात कुणालाच सांगता येईना; ज्याची असावी असं वाटतं त्याला मेसेज टाकला, निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. लीड म्हणाल्या, राहू दे. दर महिन्याच्या शीटमध्ये ती अजून येते, शेवटच्या रकान्यात प्रश्नचिन्ह घेऊन.