'नाइस' या विशेषणाचा माग कसा काढावा

लातूर-नांदेडकडे इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या मुलांच्या पुस्तकांत छापील ओळीवर पेन्सिलीने लिहिलेले मराठी अर्थ हमखास आढळतात. 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये रोमिओपर्यंत न पोहोचलेल्या पत्राविषयी धर्मगुरू लॉरेन्स सांगतो, की ते 'नाइस' नव्हते, त्यात महत्त्वाचा मजकूर होता. एका पुस्तकात या शब्दावर 'छान' असे लिहिलेले मी पाहिले आणि फार हळहळलो, कारण येथे 'नाइस' म्हणजे क्षुल्लक.

अर्थ लिहिण्यापूर्वी वाक्याचा काळ ठरवावा. हे नाटक सोळाव्या शतकाच्या अखेरीचे आहे, तर 'आवडण्यासारखा' हा अर्थ इंग्रजीत रुळला तो अठराव्या शतकात. खिशातला शब्दकोश केवळ आजचा अर्थ देतो, म्हणून 1884 ते 1928 या काळात खंडशः प्रसिद्ध झालेल्या मोठ्या ऑक्सफर्ड कोशाची आवृत्ती ग्रंथालयातून मिळवावी. त्यात प्रत्येक अर्थाखाली सालवार अवतरणे असतात. अर्थ नंतर, आधी ती साले वाचावीत.

मग शब्द फोडावा. 'नाइस' जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ मूर्ख असा होता, आणि फ्रेंचमध्ये तो आला लॅटिन 'नेस्कियुस'वरून, म्हणजे अजाण. त्यातला 'ने' नकाराचा आणि उरलेला भाग 'स्कीरे' म्हणजे जाणणे या क्रियापदाचा. 'सायन्स' हा शब्दही त्याच क्रियापदाच्या घरातला. सायंकाळी देवळात हरिपाठ म्हणणाऱ्या माणसाला ही घडण परकी वाटू नये, कारण 'जाणीव-नेणीव' या जोडीतली 'नेणीव' आणि 'नेणते लेकरू' यातले 'नेणते' अगदी तसेच घडले आहेत, आणि लॅटिन 'ने' व संस्कृत 'न' यांचे मूळही एकच आहे. मात्र नुसत्या सारख्या दिसण्यावर विसंबू नये. फ्रान्समधील नीस शहराचे नाव रोमन लिपीत या विशेषणासारखेच लिहितात, पण ते ग्रीक 'नीकाया'वरून आले आहे.

यानंतरचे काम सर्वांत जिव्हाळ्याचे, ते म्हणजे एका अर्थातून दुसरा कसा फुटला हे जोडत जाणे. सुमारे 1300 मध्ये इंग्रजीत 'नाइस' म्हणजे मूर्ख. पुढे छचोर, मग नखरेल आणि चोखंदळ. चोखंदळ माणूस बारकावे पाहतो, म्हणून काटेकोर आणि सूक्ष्म हे अर्थ आले; नाजूक व रुचकर पदार्थांनाही तो शब्द लागला आणि अखेरीस जे जे आवडेल ते 'नाइस' झाले. शब्द असा दूर जातो याचे नवल वाटत असेल, तर उर्दूच्या शेजारात वाढलेल्या मराठवाड्याने 'गरीब' आठवावा. अरबीत त्याचा अर्थ परका, अनोखा. 'अजीबोगरीब'मध्ये तो अजून टिकून आहे, आणि आपण मात्र निर्धनालाही गरीब म्हणतो व शांत गाईलाही.

जुना अर्थ एखाद्या ठरावीक जोडशब्दात उरला आहे का, हेही पाहावे. 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे आजही सूक्ष्म भेदच. शेवटी निवडलेला मराठी शब्द मूळ वाक्यात ठेवून पूर्ण ओळ मोठ्याने वाचावी. ते पत्र 'छान नव्हते' असे म्हटले तर पुढचा 'महत्त्वाचा मजकूर' अधांतरी राहतो. 'क्षुल्लक नव्हते' म्हणताच दोन्ही भाग जुळतात. तेव्हाच पेन्सिलीचे 'छान' खोडावे, नवा शब्द लिहावा आणि शेजारी कोशातल्या अवतरणाचे साल नोंदवावे.