सीपीईचे तास भरताना या चुका टाळा

सीपीई म्हणजे सीएंना दर वर्षी ठरावीक तास करावं लागणारं सततचं व्यावसायिक शिक्षण. दर वर्षी 25 डिसेंबर उलटला की फोन सुरू होतात. "सर, या आठवड्यात कुठे सेमिनार आहे का? विषय कुठलाही चालेल, सहा तास कमी पडतायत." सहा तास कमी पडणं मी समजू शकतो. पण "विषय कुठलाही चालेल" हे ऐकलं की मला राग येतो, कारण याच माणसाची सही उद्या कुणाच्या तरी ताळेबंदावर असणार असते.

आधी आकडे. 2023 ते 2025 या चक्रात, साठीच्या आतल्या आणि सीओपी (प्रॅक्टिसचा परवाना) घेऊन भारतात प्रॅक्टिस करणाऱ्या सीएला तीन वर्षांत 120 तास पूर्ण करायचे होते. त्यातले किमान 60 स्ट्रक्चर्ड (म्हणजे मान्यताप्राप्त कार्यक्रमांचे), आणि दर वर्षी किमान 20 स्ट्रक्चर्ड. पहिल्याच वर्षी 60 उरकले की सुटलो, असं समजणारे इथेच फसतात, कारण पुढच्या दोन वर्षांचे वीस-वीस तास तसेच राहतात. नव्या चक्राचे आकडे मित्राला विचारू नका, आयसीएआय या सीएंच्या संस्थेची घोषणा उघडून स्वतः वाचा.

दुसरी चूक वर्षाची. आपलं सगळं आयुष्य एप्रिल ते मार्च चालतं, सीपीईचं वर्ष मात्र जानेवारी ते डिसेंबर असतं. "मार्चपर्यंत करू" म्हणणारा तीन महिने उशिरा जागा होतो.

आता मला सर्वांत जिव्हारी लागणाऱ्या चुकीबद्दल. एका खिडकीत व्हिडिओ लावायचा, आवाज बंद करायचा आणि दुसऱ्या खिडकीत काम करत बसायचं. माझ्याकडे आर्टिकलशिप (सीए होण्यासाठीची उमेदवारी) केलेला एक हुशार मुलगा आता स्वतःची प्रॅक्टिस करतो. डिसेंबर 2023 मध्ये त्याने आयकरातल्या कलम 43बी(एच) वरचं, म्हणजे सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी वेळेत देण्याच्या नियमावरचं, तीन तासांचं सत्र असंच "केलं". शेजारी जीएसटीआर-9 हे जीएसटीचं वार्षिक विवरणपत्र चालू होतं, त्याची मुदतही 31 डिसेंबरचीच. तास जमा झाले.

सप्टेंबर 2024 च्या शेवटच्या आठवड्यात तो टॅक्स ऑडिटचा मसुदा घेऊन माझ्याकडे आला. अशील फॅब्रिकेशनवाला. माल पुरवणारा उद्यम नोंदणी असलेला लघुउद्योग, बिल नोव्हेंबरचं, ठरलेली उधारी 90 दिवसांची आणि पैसे दिले मे महिन्यात. याने ती रक्कम खर्चात तशीच ठेवली होती. कारण विचारलं, तर म्हणाला, "रिटर्नच्या मुदतीआधी पैसे दिलेत ना." 43बी मधल्या इतर देण्यांना ही सवलत आहे, (एच) ला नाही. करार कितीही दिवसांचा असो, 45 दिवसांच्या पुढची उधारी कायदा मानत नाही, आणि लेखी करारच नसेल तर मुदत 15 दिवसांची. मुदत चुकली की खर्च ज्या वर्षी पैसे दिले त्या वर्षीच मिळतो. त्या सत्रात नेमकं हेच शिकवलं होतं. रिपोर्ट दुरुस्त झाला, पण अ‍ॅडव्हान्स टॅक्स आधीच कमी भरला गेला होता आणि त्याचं व्याज अशिलाच्या माथी बसलं. तो मुलगा त्या दिवशी माझ्यासमोर रडवेला झाला. मलाही वाईट वाटलं, कारण ही सवय मी आर्टिकलशिपमध्येच मोडायला हवी होती.

तेव्हापासून माझ्या ऑफिसात एक शिस्त आहे. सत्र संपलं की त्याच दिवशी अर्धं पान लिहायचं: कुठला नियम बदलला आणि आपल्या कुठल्या अशिलाच्या फाइलला तो लागतो. ते पान थेट त्या फाइलला लावायचं. लिहायला काहीच सुचलं नाही, तर सत्र ऐकलं नाही असं मी धरतो, मग पोर्टलवर तास दिसोत वा न दिसोत.

विषय निवडण्यासाठी मी वर्षभर एक वही ठेवतो. अशिलाने प्रश्न विचारला आणि मला लगेच उत्तर देता आलं नाही, की तो वहीत जातो. जानेवारीत वही उघडली की शाखेच्या आणि स्टडी सर्कलच्या कार्यक्रमांतून काय निवडायचं ते आपोआप ठरतं. मे आणि जूनमध्ये निम्मे तास उरकून घेतो, कारण जुलै ते ऑक्टोबर रिटर्न आणि ऑडिटमध्ये मान वर करायला वेळ नसतो.

नुसता जीएसटी आणि आयकरच ऐकत राहणं हीही चूकच, ऑडिटिंगच्या मानकांकडे कोण बघणार?

अनस्ट्रक्चर्ड, म्हणजे स्वतःच्या वाचन-अभ्यासाचे, तास डिसेंबरमध्ये आठवून भरू नका. काय वाचलं, कधी, किती वेळ, हे त्याच दिवशी लिहा. ते स्वतःच्या घोषणेवर चालतं, म्हणून तिथे जास्त काटेकोर राहायचं.

आणि कार्यक्रमाला नाव नोंदवताना सदस्य क्रमांक दोनदा तपासा. एक आकडा चुकला की तास तुमच्या खात्यात येत नाहीत. मी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पोर्टल उघडून जमा तास ताडून बघतो आणि प्रमाणपत्र लगेच उतरवून ठेवतो. तास दिसत नसतील तर आयोजकांना त्याच आठवड्यात लिहा, कारण सहा महिन्यांनी हजेरीचा कागद शोधायला कुणाकडेच सवड नसते.