मायक्रोस्कोपवर रोलचा कॅमेरा लावताय? आधी आरसा!

मागच्या महिन्यात आख्खा छत्तीसचा रोल वाया घालवला म्हणून हे लिहितोय. सॅफ्रानिनने रंगवलेला कांद्याचा पापुद्रा, डोळ्याला पेशींच्या भिंती केसासारख्या बारीक, आणि निगेटिव्हवर प्रत्येक भिंत दोनदा. कारण कॅमेऱ्यातला आरसा आधीच वर करून लॉक केला नव्हता; शटर दाबलं की तो उडतो आणि सगळं थरथरतं. माझ्या ऑलिंपस ओएम-१ कॅमेऱ्याला लेन्स-माउंटच्या बाजूला त्यासाठीच खुंटी आहे, ती फिरवायची एवढंच काम होतं.

स्लाइड, रोल, केबल रिलीज (हात न लावता शटर दाबायची वायर) हे काही सांगायला नको. कव्हरस्लिप (स्लाइडवरची पातळ काच) ०.१७ मिमीची घ्या, जाड असली की ४०एक्सच्या ऑब्जेक्टिव्हला, म्हणजे स्लाइडजवळच्या भिंगाला, धुकं. कॅमेरा मायक्रोस्कोपला जोडणाऱ्या ॲडॉप्टरचे आटे बघून घ्या, टी-माउंट आणि जुनं एम४२ दोन्ही ४२ मिमीच, पण टी-माउंटचा आटा ०.७५ मिमीचा आणि एम४२चा १ मिमीचा, त्यामुळे फेरा-दीड फेरा छान जातं मग अडकतं, तिथे जोर लावू नका, आटे गेले की गेले. ओएम-१ची बॉडी अर्धा किलोची, ज्या जुन्या स्टँडमध्ये नळीच खालीवर होते तिथे ती वजनाने हळूहळू सरकते, म्हणून फोकस करून पाच मिनिटं थांबा आणि परत बघा, नाहीतर ऑब्जेक्टिव्ह स्लाइडवर टेकेल.

कंडेन्सर (स्लाइडखालचं उजेड गोळा करणारं भिंग) कोहलर पद्धतीने, म्हणजे उजेड सगळीकडे सारखा पडेल असं, लावा, १८९३ सालची पद्धत आहे पण अजून तिला तोड नाही.

फोकसला कॅमेऱ्यात साधी दुधी काच नको, तिचेच दाणे दिसतात. मध्ये फुलीवाली स्वच्छ काच टाका आणि डोळा डावी-उजवीकडे हलवा, फुली आणि चित्र एकमेकांपासून सरकली तर फोकस नाही.

आता नीट वाचा. फोकस, मग मीटरवर उजेड मोजा, मग आरसा वर. आरसा वर गेला की व्ह्यूफाइंडर काळा आणि मीटरही गेलं, म्हणून क्रम हाच. मग हात काढून दहा आकडे मोजा, मग केबल. प्रत्येक फ्रेमला आरसा. तिसऱ्या फ्रेमला "आता सवय झाली" वाटतं ना, तिथेच विसरतो आपण. १/१५ सेकंदाच्या आसपास आरशाचा धक्का सगळ्यात वाईट, शटर १ सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडं राहील असं बघा. ओएम-२वाल्यांना ही खुंटीच नाही, त्यांनी बी वर (दाबून धरू तेवढा वेळ शटर उघडं) शटर उघडायचं, दिव्यापुढे काळा पुठ्ठा धरायचा, थरथर थांबली की पुठ्ठा काढायचा नि सेकंद मोजून परत धरायचा. आरशाचं औषध काहीतरी हवंच.

ब्लॅक अँड व्हाइटला हिरवा फिल्टर, साधी ऑब्जेक्टिव्ह हिरव्यात जास्त शार्प असतात. कलर डेलाइट (दिवसाच्या उजेडाचा) रोल असेल तर ८०ए नावाचा निळा फिल्टर, आणि दिवा मंद करू नका, पिवळं होतं. दीड व्होल्टच्या सेलवर ओएम-१चं मीटर खोटं बोलतं, एक स्टॉप (उजेड निम्मा किंवा दुप्पट) खाली-वर घ्या. सेकंद वहीत लिहा. आरसा!

रिवाइंड झाल्यावरच झाकण. लॅबवाल्याला रोल कापू नका सांगा, डार्कफिल्डच्या (काळ्या पार्श्वभूमीवर उजळ नमुना) निगेटिव्हला कडाच दिसत नाही, मधोमध कात्री बसते.