डिस्क प्लेअर होम थिएटरला कसा जोडावा, आणि चित्र किंवा आवाज आला नाही तर काय करावं

ब्लू-रे किंवा डीव्हीडी प्लेअर, टीव्ही आणि एव्ही रिसीव्हर (चित्र-आवाज घेऊन स्पीकर चालवणारं यंत्र) एकमेकांना जोडायचं काम तसं सोपं. पण सगळ्या वायरी एका दमात लावल्या, तिन्ही यंत्रं सुरू केली आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’ आलं, की दोष नेमका कशात आहे हे शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते. म्हणून एकेक जोडणी करा, ती चालते याची खात्री करा, मगच पुढची करा. यात वेळ वाया जात नाही, उलट वाचतो.

आधी फक्त प्लेअर आणि टीव्ही

रिसीव्हर सध्या बाजूला ठेवा. प्लेअरच्या मागच्या ‘एचडीएमआय आउट’मधून केबल थेट टीव्हीला लावा आणि टीव्हीच्या रिमोटवर ‘इनपुट’ किंवा ‘सोर्स’ दाबून तेच पोर्ट निवडा. प्लेअरचा मेनू दिसला, डिस्क लागली आणि टीव्हीच्याच स्पीकरमधून आवाज आला, की प्लेअर, केबल आणि टीव्ही तिन्ही धडधाकट आहेत. आता पुढे काही बिघडलं तर ते नव्याने जोडलेल्या वस्तूमुळे किंवा नव्याने बदललेल्या सेटिंगमुळे.

प्लेअरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट याच टप्प्यावर करून घ्या, इंटरनेटवरून किंवा पेन ड्राइव्हने. ब्लू-रे डिस्कवर एएसीएस नावाचं कॉपी-संरक्षण असतं आणि त्याच्या ‘की’ वेळोवेळी बदलतात. जुन्या फर्मवेअरचा प्लेअर जुन्या डिस्क बिनबोभाट चालवतो आणि नवी घातली की अडून बसतो, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. अपडेट सुरू असताना प्लगला हात लावू नका.

मग रिसीव्हर मध्ये घ्या

प्लेअरची केबल टीव्हीतून काढून रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटला लावा. तिथे ‘ब्लू-रे’, ‘गेम’, ‘मीडिया’ अशी नावं असतात. ती सोयीपुरती असतात, कुठलंही चालतं. फक्त रिसीव्हरवर तेच इनपुट निवडायला विसरू नका. मग रिसीव्हरच्या ‘मॉनिटर आउट’मधून दुसरी केबल टीव्हीच्या ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेल्या पोर्टला लावा. टीव्हीवर हे पोर्ट सहसा एकच असतं. तेच वापरलं तर टीव्हीवरच्या ॲपचा आवाजही त्याच केबलने रिसीव्हरकडे उलटा येतो. साउंडबारला एचडीएमआय इनपुट असेल तर जोडणी अशीच.

मग प्लेअर टीव्हीलाच लावून ठेवला आणि आवाज एआरसीने रिसीव्हरकडे आणला तर? चालेल, पण आवाजाची प्रत घसरू शकते. २००९ साली आलेल्या साध्या एआरसीतून डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेले, आवाज जात नाहीत. ते जातात एचडीएमआय २.१ बरोबर आलेल्या ईएआरसीतून. शिवाय काही टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत. रिसीव्हरला एचडीएमआय इनपुट असेल तर प्लेअर त्यातच लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

रिसीव्हर जुना आणि प्लेअर ४के असेल तर मात्र अडचण येते. ४के डिस्कच्या चित्राला वाटेतल्या प्रत्येक यंत्रात एचडीसीपी २.२ (एचडीएमआयवरचं कॉपी-संरक्षण) लागतं. मधला रिसीव्हर तेवढा नवा नसला तर पडदा काळा राहतो किंवा चित्र १०८०पी (फुल एचडी) वर उतरतं. यासाठी काही प्लेअरना दोन एचडीएमआय आउटपुट दिलेले असतात. मुख्य आउटपुट टीव्हीला लावा, ‘ऑडिओ’ लिहिलेला रिसीव्हरला. दुसरा आउटपुट नसेल तर चित्र एचडीएमआयने टीव्हीला आणि आवाज ऑप्टिकल केबलने रिसीव्हरला द्या. ऑप्टिकलमधून साधं डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस ५.१ मध्ये (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) जातं, पीसीएम (उलगडलेला डिजिटल आवाज) मात्र दोनच चॅनेलचं. नव्या ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांना बारीक पारदर्शक टोप्या असतात, त्या आधी काढा. काढल्या नाहीत तर केबल नीट बसत नाही आणि आपण सेटिंग चाळत बसतो. एक टोक प्लेअरला लावून प्लेअर सुरू केला, की दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसायला हवा.

एचडीएमआय केबलवर फार पैसे घालवू नका. दोन मीटरच्या केबलला सोन्याचा मुलामा दिल्याने चित्र सुधारत नाही. मात्र ४के एचडीआरसाठी (एचडीआर म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारं चित्र) ‘प्रीमियम हाय स्पीड’ असं प्रमाणित केलेली, म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट वाहून नेणारी केबल हवी. भिंतीतून नेलेल्या लांब ॲक्टिव्ह (आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेल्या) केबलला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं, ती उलटी लावली तर काहीच दिसत नाही.

पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरीवर डीव्हीडी चालेल, पण ब्लू-रेसाठी तिचा विचार सोडा. २०१४ पासून तयार होणाऱ्या प्लेअरना संरक्षित ब्लू-रेचं चित्र ॲनालॉग वायरीतून द्यायला परवानगीच नाही.

सेटिंग: खरी गंमत आवाजाची

चित्र आलं की बहुतेक जण थांबतात, आणि मग पाच स्पीकर असूनही आवाज मात्र दोघांतूनच येतो.

प्लेअरच्या ऑडिओ मेनूत ‘डिजिटल ऑडिओ आउटपुट’ शोधा. त्यात ‘पीसीएम’ आणि ‘बिटस्ट्रीम’ असे पर्याय असतात, कधी ‘ऑटो’ही. बिटस्ट्रीम निवडलं की डिस्कवरचा आवाज आहे तसा रिसीव्हरकडे जातो आणि तो उलगडण्याचं काम रिसीव्हर करतो. पीसीएम निवडलं तर ते काम प्लेअर करतो. रिसीव्हर बऱ्यापैकी नवा असेल तर बिटस्ट्रीम घ्या. डॉल्बी ॲटमॉस (वरूनही येणारा आवाज) हवं असेल तर दुसरा मार्गच नाही.

त्याच मेनूत ‘सेकंडरी ऑडिओ’ किंवा ‘बीडी ऑडिओ मिक्स’ अशा नावाचं एक सेटिंग असतं, ते बंद करा. ते सुरू असलं की मेनूच्या बटणांचे टिकटिक आवाज किंवा दिग्दर्शकाची टिप्पणी मूळ आवाजात मिसळण्यासाठी प्लेअर सगळा आवाज उलगडतो आणि पुन्हा साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये किंवा डीटीएसमध्ये बांधून पाठवतो. त्या टिकटिकीपायी लॉसलेस आवाज हातचा जातो. अनेक प्लेअर दुकानातून येतात तेव्हा हे सुरूच असतं.

आता रिसीव्हरच्या पुढच्या छोट्या पट्टीकडे बघा. डिस्कच्या वेष्टनावर डॉल्बी ट्रूएचडी छापलंय आणि पट्टीवर नुसतं ‘डॉल्बी डिजिटल’ दिसतंय, तर आधी डिस्कच्या स्वतःच्या मेनूत कुठला ऑडिओ ट्रॅक निवडलाय ते बघा आणि मग वर सांगितलेलं मिक्सिंग. ‘मल्टी चॅनेल’ दिसलं तर प्लेअर पीसीएम पाठवतोय. ‘स्टीरिओ’ दिसलं तर प्लेअर दोन चॅनेलवर अडकलाय किंवा रिसीव्हरचाच मोड तसा लावलाय. कानांनी अंदाज बांधत बसण्यापेक्षा ही पट्टी वाचणं केव्हाही चांगलं.

चित्राचं थोडक्यात. रिझोल्यूशन ‘ऑटो’ आणि २४पी ‘ऑटो’ किंवा ‘ऑन’ ठेवा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. तो ६०च्या चौकटीत बसवताना एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दाखवावी लागते आणि कॅमेरा सावकाश फिरतो तेव्हा चित्र अडखळल्यासारखं दिसतं. ४के प्लेअर असूनही एचडीआर येत नसेल तर टीव्हीच्या त्या विशिष्ट पोर्टसाठीचं सेटिंग तपासा. सॅमसंगमध्ये त्याला ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीमध्ये ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीमध्ये ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ म्हणतात. रिसीव्हरलाही बहुधा असाच पर्याय असतो.

गडबड झाली तर

चित्रच नाही. तिन्ही यंत्रं बंद करून प्लग काढा, पाच मिनिटं थांबा. मग आधी टीव्ही, नंतर रिसीव्हर, शेवटी प्लेअर सुरू करा. एचडीएमआयवर यंत्रं आधी एकमेकांची ओळख पटवतात आणि मगच चित्र सोडतात. ही ओळख कधीकधी मध्येच फसते. तरीही पडदा काळाच राहिला तर प्लेअर परत थेट टीव्हीला लावा. चित्र आलं की दोष रिसीव्हरकडे किंवा दुसऱ्या केबलमध्ये आहे. नाही आलं, तर प्लेअरवर टीव्हीला न झेपणारं रिझोल्यूशन लागलेलं असू शकतं. ते मेनू न दिसताही मूळपदावर आणायची बटणं अनेक प्लेअरना असतात, पुस्तिकेत ‘रिसेट’खाली बघा.

चित्र येतं, पण पांढरे ठिपके चमकतात किंवा मध्येच क्षणभर अंधार होतो. हा दोष बहुधा केबलचा, ती बदला.

संवाद पुटपुटल्यासारखे आणि स्फोट कानठळ्या बसवणारे. संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. रिसीव्हरच्या स्पीकर सेटअपमध्ये ‘सेंटर’ सुरू आहे ना, आणि त्याची वायर घट्ट बसली आहे ना, ते बघा. रिसीव्हरच्या टेस्ट टोनने प्रत्येक स्पीकरची हजेरी घेता येते. सगळं ठीक असूनही फरक जाणवत असेल तर रात्री ‘डायनॅमिक रेंज’ (हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर) कमी करून बघायला हरकत नाही.

ओठ आधी हलतात की आवाज आधी येतो, हे नीट बघा, कारण उपाय त्यावर ठरतो. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करतो म्हणून चित्र मागे पडतं आणि आवाज आधी येतो. अशा वेळी रिसीव्हरमधला ‘ऑडिओ डिले’ थोडा थोडा वाढवा. आवाजच उशिरा येत असेल तर डिले शून्यावर आणा.

टीव्ही सुरू केला की प्लेअर आपोआप सुरू होतो किंवा इनपुट स्वतःहून बदलतं, ही एचडीएमआय-सीईसीची (केबलवरून यंत्रांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय) करामत. ब्राव्हिया सिंक, ॲनीनेट प्लस, सिम्पलिंक ही सगळी तिचीच नावं. त्रास होत असेल तर प्लेअरमध्ये बंद करा. टीव्ही आणि रिसीव्हरमध्ये मात्र राहू द्या, कारण बऱ्याच यंत्रांवर एआरसी त्याच्याशिवाय चालत नाही.

डिस्क वाचली जात नाही. आधी वेष्टनाच्या मागच्या बाजूचा रीजन कोड (डिस्क जगाच्या कुठल्या भागासाठी आहे ते) बघा. डीव्हीडीवर आकडा असतो, ब्लू-रेवर ए, बी किंवा सी. ४के डिस्कना रीजन नसतो. मग डिस्क उजेडात तिरकी धरा. बोटांचे ठसे मऊ, कोरड्या कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. गोल ओरखडा डेटाच्या ट्रॅकच्याच दिशेने जातो, सलग बराच मजकूर खातो आणि मग प्लेअरची चूक-दुरुस्ती अपुरी पडते. ब्लू-रेचा डेटा पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असतो, डीव्हीडीत ०.६ वर. ब्लू-रेवर टूथपेस्ट घासण्याचा घरगुती उपाय मुळीच करू नका, तिच्यावरचा कठीण लेप त्याने खराब होतो. प्लेअर गार जागेतून गरम खोलीत आणला असेल तर आतल्या भिंगावर बाष्प धरतं. तासभर डिस्क न घालता सुरू ठेवा.

सीडी आणि डीव्हीडी चालतात, पण एकही ब्लू-रे चालत नाही आणि फर्मवेअरही नवं आहे, तर ४०५ नॅनोमीटरचा निळा लेझर थकला असण्याची शक्यता मोठी. डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा वेगळा लाल लेझर असतो, त्यामुळे एक मेला तरी दुसरा चालत राहतो. लेन्स साफ करणारी डिस्क एकदा फिरवून बघा, पण तिच्यावर ‘ब्लू-रे प्लेअरसाठी’ लिहिलेलं हवं. फरक पडला नाही तर दुरुस्तीचा खर्च विचारा आणि नव्या प्लेअरच्या किमतीशी ताडून बघा. दुरुस्तीला द्यायचा ठरला तर ट्रे उघडून आतली डिस्क आधी काढून घ्या.